विश्लेषण : कॉलेजातला वाद ग्रुपवर का चिघळतो? सभ्यपणे वाद घालायला शिकवायचं कुणी?

कॅप राउंडची यादी लागली की काही तासांत तिचा स्क्रीनशॉट वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. दोन आकड्यांभोवती लाल गोल काढलेला असतो, एक ओपनचा कटऑफ आणि एक कॅटेगरीचा. खाली एखादी खोचक ओळ. मग जे सुरू होतं ते रात्री दोनपर्यंत चालतं. सकाळी ग्रुपवर एक छोटीशी सूचना उरलेली असते : अमुक सदस्यानं ग्रुप सोडला.

विषय दरवेळी वेगळा असतो. कधी आरक्षण, कधी निवडणूक, कधी गॅदरिंगमधलं नाटक, तर कधी हॉस्टेलच्या मेसमध्ये काय शिजावं याचा वाद. शेवट मात्र बहुतेक वेळा सारखाच होतो. मग नोटीस बोर्डावर कागद लागतो, ‘विद्यार्थ्यांनी सोशल मीडियावर संयम बाळगावा.’ असा कागद वाचून कुणाला संयम आल्याचं ऐकिवात नाही. मग तो येतो कशानं? वादाचे नियम कुठे लिहिलेले आहेत का? कायदा किती बोलू देतो? आणि कॉलेजांनी नेमकं करायचं काय? समजून घेऊ.

ग्रुपवर नेमकं काय बिघडतं?

एक प्रसंग सांगतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्याही ग्रुपवर असाच स्क्रीनशॉट आला होता. कुणी शिवी दिली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. ‘फक्त फॅक्ट्स मांडतोय’ असंच सगळे म्हणत होते. तासाभरात एक मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला. आदल्या सेमिस्टरला परीक्षेच्या रात्री अर्ध्या हॉस्टेलला सिग्नल्सचा पेपर समजावून सांगणारा तोच होता. त्या स्क्रीनशॉटखालच्या हसऱ्या इमोजींमध्ये एक माझीही होती.

दोन दिवसांनी लॅबमध्ये त्याला विचारलं, ‘बोलला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘काय बोलणार होतो? सगळा वर्ग वाचत होता. मी एक वाक्य टाइप करेपर्यंत वर चाळीस मेसेज जात होते. आणि उत्तर दिलं असतं तर सगळ्यांना कळलंच असतं ना, की हे मला लागलंय.’

सभ्य वाद म्हणजे गोड भाषा, असं आपण धरून चालतो. त्या रात्रीची भाषा तशी वाईट नव्हती. तरीही ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याला उत्तर द्यायला जागाच नव्हती. वादातला आदर सगळ्यात आधी इथे तपासायला हवा : मी बोललो, त्यावर समोरच्याला बोलता येईल का?

मोबाइलवर वाद लवकर का पेटतो?

याचं उत्तर बऱ्याच अंशी ग्रुपच्या रचनेत आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 पर्यंत सदस्य घेता येतात. कट्ट्यावर चौघांत होणारा वाद तिथे शेकडो जणांसमोर होतो. प्रेक्षक एवढे असले की माणूस समोरच्याला पटवण्यासाठी कमी आणि बघणाऱ्यांकडून दाद मिळवण्यासाठी जास्त बोलतो. माघार घेणंही महाग पडतं. कट्ट्यावर ‘बरं बाबा, तुझं खरं’ म्हणून चहा मागवता येतो. ग्रुपवर त्याच वाक्याचा स्क्रीनशॉट निघतो.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पडला की आपला आवाज आपोआप खाली येतो. स्क्रीनवर दोन निळ्या खुणा दिसतात, पडलेला चेहरा दिसत नाही.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याचे शब्द. अशा भांडणात स्वतः लिहिलेलं थोडं आणि फॉरवर्ड जास्त असतं. अनेकदा फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते आणि तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. कंपनीनं ही मर्यादा 2020 मध्ये घातली, ती अफवांचा वेग कमी करण्यासाठी. पण फॉरवर्ड आला की त्यातल्या दाव्याची जबाबदारी कुणाकडेच राहत नाही. ‘मला आलं, मी टाकलं’ म्हटलं की विषय संपतो.

मग कॉलेजात वादाची जागा कुठे गेली?

महाराष्ट्रात याला एक इतिहास आहे. इथे महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका होत असत. 1980 च्या दशकात आणि त्यानंतर त्यात पैसा, मारामाऱ्या आणि बाहेरच्या पक्षांचा शिरकाव वाढला. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. त्यानंतर 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला येणारा वर्गप्रतिनिधी झाला. त्याला कुणाला काही पटवून द्यावं लागेना.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नं निवडणुकीची तरतूद परत आणली. 2019 मध्ये तयारीही सुरू झाली, पण निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि पाठोपाठ करोना आला. कायद्यात तरतूद असूनही त्यानंतरच्या कितीतरी तुकड्या मत न देताच पदवी घेऊन बाहेर पडल्या.

हिंसा थांबवायला हवी होती, याबद्दल दुमत नाही. पण हिंसेबरोबर जाहीर सभा, प्रश्नोत्तरं, विरोधी उमेदवाराला तोंडावर जाब विचारणं हेही गेलं. वाद काही गेले नाहीत. ते पडद्यावर सरकले, जिथे ना अध्यक्ष आहे ना घड्याळ.

निवडणुकीत कसं बोलावं, याचे नियम आहेत का?

आहेत, आणि ते साधे आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं विद्यार्थी निवडणुकांसाठी शिफारशी केल्या. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2006 मध्ये त्या लागू करण्याचा आदेश दिला. बातम्यांत त्यातली 5,000 रुपयांची खर्चमर्यादा आणि छापील पोस्टरवरची बंदी जास्त गाजली. आचारसंहितेतला बोलण्याबद्दलचा भाग मागे राहिला. त्याचा आशय असा :

• टीका करायची तर ती विरोधकाची धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती ठेवायची.

• सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलायचं नाही.

• खातरजमा न केलेले आरोप किंवा मोडतोड केलेली माहिती यांच्या आधारावर टीका करायची नाही.

• जात किंवा धर्माच्या भावनांना हात घालून मतं मागायची नाहीत.

यात ‘टीका करू नका’ असं कुठेही नाही. टीका कशावर करायची, एवढंच सांगितलं आहे. वर्गाच्या ग्रुपसाठी वेगळे नियम शोधत बसण्यापेक्षा हे चार मुद्दे पिन करून ठेवले तरी पुष्कळ फरक पडेल.

टोकाचे विरोधक एका मंचावर बोलू शकतात का?

दिल्लीतल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली अध्यक्षपदाची जाहीर चर्चा याचं परिचित उदाहरण आहे. मतदानाच्या तोंडावर अध्यक्षपदाचे सगळे उमेदवार एका मंचावर येतात. डावे, उजवे, आंबेडकरवादी, अपक्ष असे सगळेच. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळते. उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात, मग श्रोत्यांचे प्रश्न येतात. हे सगळं विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिती चालवते.

ही चर्चा काही शांत नसते. डफली वाजते, घोषणा होतात, हुर्रेवडी उडते. पण घंटा वाजली की बोलणाऱ्याला थांबावं लागतं आणि प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं. ज्याच्यावर आरोप केला तो दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो आणि त्याची पाळी येणार, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे आरोपही जरा मोजून केले जातात.

अशी परंपरा म्हणजे रामबाण उपाय, असंही म्हणता येणार नाही. याच विद्यापीठात 5 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तोंडं बांधून आलेल्या टोळक्यानं विद्यार्थी आणि प्राध्यापकांना मारहाण केली. वर्षातली एक रात्र बाकीच्या दिवसांची हमी देऊ शकत नाही. पण ती रात्र एक गोष्ट दाखवून देते : पाळी, वेळ आणि समोरासमोर उत्तर ही तीन बंधनं असली की एकमेकांचं तोंड न बघणारी मुलंही तासन्‌तास वाद घालू शकतात.

कायदा किती बोलू देतो?

या बाबतीतला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या एका घटनेशी जोडलेला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंद असण्याबद्दल फेसबुकवर मत मांडल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ रद्द केलं.

त्या निकालात बोलण्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत : चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. मत कितीही न आवडणारं असलं तरी पहिल्या दोन पायऱ्यांना संरक्षण आहे. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं की मग निर्बंधांचा प्रश्न येतो.

याचा अर्थ काहीही लिहिलं तरी चालतं असा नाही. समाजगटांत वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ करणं अत्याचार प्रतिबंधक कायद्यात येतं.

ग्रुप अ‍ॅडमिनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट केलं की, सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. त्यात त्याचा समान हेतू दिसायला हवा. म्हणजे अ‍ॅडमिननं घाबरून ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर टाकण्याची गरज नाही. पण अपमानकारक मेसेज काढून टाकण्याची सोय त्याच्या हातात आहे आणि ती वापरली नाही, तर तो कायद्यानं सुटेल, वर्गमित्राच्या नजरेत सुटेलच असं नाही.

‘सभ्यपणे बोल’ म्हणजे ‘गप्प बस’ असं होत नाही का?

पुष्कळदा होतं. हॉस्टेलच्या नळाला आठवडाभर पाणी नाही म्हणून विद्यार्थिनी चिडून बोलली की तिला आधी ‘आवाज खाली’ असं सांगितलं जातं. पाण्याचा मुद्दा तिथेच राहतो. जातीवरून टोमणा ऐकलेला विद्यार्थी संतापला तर ‘तू फार मनावर घेतोस’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. सभ्यपणाचं ओझं नेहमी ज्याला लागलं त्याच्याच डोक्यावर येत असेल, तर त्याला सभ्यता म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राचा इतिहासही या बाबतीत सरळ नाही. टिळक आणि आगरकर हे एकत्र शाळा काढणारे आणि 1882 मध्ये एकत्र तुरुंगवास भोगणारे मित्र. समाजसुधारणेच्या प्रश्नावर त्यांचं इतकं बिनसलं की आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. दोघांनी एकमेकांवर जहाल लिहिलं, पण उत्तर लेखाला लेखानं दिलं. पुण्यातल्या सनातन्यांनी मात्र आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आजच्या ट्रोलिंगचीच ती जुनी आवृत्ती म्हणायची. लेख कितीही कडक असला तरी त्याला उत्तर देता येतं. प्रेतयात्रेला काय उत्तर देणार?

म्हणून फरक आवाजाच्या पट्टीत शोधू नये. रागावून केलेला युक्तिवादही युक्तिवादच असतो. शांतपणे केलेली हेटाळणी शेवटी हेटाळणीच राहते.

वाद, जल्प आणि वितंडा यांत फरक काय?

आपण ‘वितंडवाद’ हा शब्द सहज वापरतो. तो न्यायदर्शनातून आला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठीच चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडून काढायची, ती वितंडा.

आपल्या ग्रुपवरचे मेसेज या तीन खणांत टाकून बघा. ‘फीवाढीचा हिशोब कुणाकडे आहे का?’ हा वाद. ‘याच्या पोस्टला किती लाइक्स आणि माझ्या पोस्टला किती, बघ’ हा जल्प. आणि ‘मग तेव्हा कुठे होतात तुम्ही?’ ही वितंडा.

याच परंपरेतली दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे पूर्वपक्ष. आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं नीट मांडायचं, तेही त्याला ‘होय, मला हेच म्हणायचंय’ असं वाटेल इतकं नीट. आरक्षणावर, फीवाढीवर किंवा हॉस्टेलच्या वेळेवर बोलण्याआधी प्रत्येकानं समोरच्याचा पूर्वपक्ष दोन वाक्यांत सांगायचा, एवढा एकच नियम वर्गात करून बघावा. पहिल्या दोन-तीन वेळा कुणालाच जमत नाही. आपण ज्याच्याशी भांडत होतो त्याचं म्हणणं आपण ऐकलंच नव्हतं, हे तेव्हा कळतं.

इतक्या मतभेदांतून काही घडतं का?

संविधान सभा हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. सभेची अधिवेशनं मिळून 165 दिवस चालली. मसुद्यावर सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच 25 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात दिले होते.

त्याच भाषणात त्यांनी आपल्याला सतत विरोध करणाऱ्या सदस्यांचा नावानिशी उल्लेख केला. ह. वि. कामत, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू यांच्याबरोबर त्यात अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. या बंडखोरांच्या सगळ्या सूचना आपल्याला मान्य झाल्या नाहीत, पण त्यांनी प्रश्न उभे केले म्हणून संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगण्याची संधी मिळाली, अशा आशयाचे आभार त्यांनी मानले. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, पण त्या मांडणाऱ्याला बोलायला मिळालं, उत्तर मिळालं आणि ते सगळं कामकाजात नोंदलं गेलं.

मग करायचं काय?

विद्यार्थ्यांसाठी :

• ज्या विषयात वर्गातल्या कुणाची जात, धर्म, घर किंवा शरीर येतं तो विषय ग्रुपवर काढू नका. समोरासमोर बसा.

• स्वतः वाचलेलं नसेल तर फॉरवर्ड करू नका. केलंत तर ते तुमचंच म्हणणं धरलं जाईल, हे गृहीत धरा.

• कुणी ग्रुप सोडला तर ‘रागावला असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. त्याला फोन करा.

• चुकलात तर जिथे लिहिलं तिथेच ‘चुकलो’ लिहा. खासगीत मागितलेली माफी बाकीच्या वाचणाऱ्यांना दिसत नाही.

कॉलेजांसाठी :

• महिन्यातून एक तास जाहीर चर्चेसाठी ठेवा. विषय विद्यार्थी ठरवतील, अध्यक्ष विद्यार्थी असेल, प्रत्येकाला सारखी वेळ मिळेल. प्राध्यापक मागच्या बाकावर बसतील.

• वादविवाद स्पर्धेत कुणाला कुठली बाजू मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरवा. न पटणारी बाजू एकदा तरी मांडून बघितली पाहिजे.

• फी, मेस, परीक्षा असे कॉलेजला अडचणीचे विषयही येऊ द्या. फक्त ‘मोबाइल : शाप की वरदान’वर बोलायला मिळत असेल तर खरे प्रश्न ग्रुपवरच जाणार.

सरकारसाठी तर एकच गोष्ट : 2016 च्या कायद्यात लिहिलेल्या निवडणुका घ्या. अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडण्याचा अधिकार देऊन त्याच मुलाला वर्गाचा प्रतिनिधी निवडता येणार नाही असं मानणं कुठल्याही तर्कात बसत नाही. गोंधळाची भीती खरी आहे. पण त्यासाठी लिंगडोह समितीचे नियम आहेत आणि नियम पाळायची सवय ते वापरूनच लागते.

आमच्या वर्गातला तो मुलगा पुढे ग्रुपवर परत आला नाही. निरोप समारंभाचे फोटो त्याला वेगळे पाठवावे लागले. चार वर्षं एका बाकावर बसूनही आरक्षणाबद्दल त्याचं स्वतःचं म्हणणं काय आहे, हे आमच्यापैकी कुणी त्याला विचारलं नाही. पुढच्या कॅप राउंडची यादी लागेल तेव्हा तो स्क्रीनशॉट तुमच्याही ग्रुपवर येईल. इमोजी टाकण्याआधी ग्रुपमधली नावं एकदा वर-खाली करून बघा. ज्याच्याबद्दल हे चाललंय, तो तिथे आहे.